माझ्या मागून म्हणा

१७ ऑगस्ट, रविवार

चि. विकीस, दादाचा सप्रेम जयभीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, अंजलीचाही केलास. वहिनीनं तुझं काय घोडं मारलं होतं ते तूच जाणे. इंदापूरच्या ज्या मिस्त्रीच्या ओळखीनं तू नांदेडला पुलाच्या कामावर गेलास, त्याच्याकडून दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं, "त्याला म्हणावं, लिहून दे." तीन महिन्यांत सख्ख्या भावाकडून एवढंच आलं. ठीक आहे, लिहितोय.

आधी आईची बातमी. आईला ऐकू यायला लागलंय. घरात नाही, घरात अजून ओरडावंच लागतं. पण विहारात येतं. बारामतीहून मी एक यंत्र आणलंय. एक डबी मागं माझ्या स्विचबोर्डापाशी, आणि अकरा म्हाताऱ्या माणसांच्या कानात एकेक गोळी. मधे वायर नाही. माइकमध्ये भन्ते बोलले की थेट यांच्या कानात. वस्तीनं त्याला लगेच नाव पाडलं, "कानातलं". कुशाबाई म्हणाली, "जन्मात पहिलं कानातलं मिळालं, तेबी नवऱ्यानं न्हाय, कमिटीनं दिलं."

वर्षावास चालू असल्यामुळं भन्ते इथंच आहेत. ते "माझ्या मागून म्हणा" म्हणतात आणि ही अकराजणं पहिल्या ओळीत हात जोडून म्हणतात. सगळा हॉल म्हणून झाला की अर्ध्या ओळीनं मागून, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळं हे भलं मोठ्यानं. पोरं फिदीफिदी हसतात. हसू देत. आईनं नऊ वर्षांनी गाथा ऐकली. घरी आल्यावर म्हणाली, "भन्त्यांचा आवाज इतका बारीक हाय व्हय रं? मला वाटायचं जाड आसंल." आणि रडली.

ती तुझं विचारते. मी सांगितलंय की तुला लांब काम लागलंय. मे महिन्यातल्या त्या बैठकीत ती समोरच बसली होती, पण तेव्हा तिला ऐकू कुठं येत होतं! तिनं फक्त सगळ्यांची तोंडं हलताना बघितली. तिला बाकीचं काही माहीत नाही, आणि माहीत होण्याची गरजही नाही.

जाता जाता एक. विहाराच्या मधल्या बीमच्या कडेला केसासारखी एक रेघ दिसते. प्लास्टरची असेल. सेंट्रिंग, खालच्या फळ्या-टेकू सगळं तुझं होतं, तू बघितली असतीस तर एका मिनिटात सांगितलं असतंस. असो.

तुझा दादा,
बुद्धघोष


३१ ऑगस्ट, रविवार

विकी,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं हे मिस्त्रीकडून कळलं, म्हणून पुन्हा लिहितो.

इथं एक गंमत झालीय. भन्ते चालत-फिरत बोलतात, एका जागी बसत नाहीत, म्हणून मी यंत्राचा दुसरा माइक वर टांगला. मधल्या बीमला पंख्यासाठी हुक सोडलाय ना, त्यालाच पट्टीनं घट्ट बांधला. वंदना झाली की पाच मिनिटं सगळे डोळे मिटून शांत बसतात. गेल्या रविवारी त्या शांततेत कुशाबाईनं हात वर केला. "कायतरी वाजतंय. कट् करून." मग चंद्राबाई म्हणाली, तिलाही वाजतंय. मग आई.

आपल्या कमिटीचे अध्यक्ष गोकुळतात्या, त्यांना तर आयतंच मिळालं. "आरं, कानांवाल्यांना काय न्हाय, आन् ऐकू न येनाऱ्यांनाच ऐकू येतंय!" सगळा हॉल हसला. मीही हसलो. यंत्रातच खरखर असेल म्हणून मी पट्टी सैल करून बघितली, जोडण्या तपासल्या, बारामतीला जाऊन माइक बदलून आणला. आज परत तेच. कट्. थोड्या वेळानं पुन्हा कट्.

मी स्वतः कानात घालून बघितलं का, असं तू विचारशील. वेळ झाला नाही.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वरच्या मजल्यावर वाचनालय बांधायचं ठरलंय, त्याच्या विटा आणि दोन ब्रास वाळू तात्यांनी आताच स्लॅबवर चढवून ठेवलीय. खाली ठेवली तर लोक पळवतात म्हणे. ओल्या वाळूचं वजन किती होतं रे? मी नको म्हणालो होतो. म्हणजे, मनात म्हणालो होतो.

रेघ थोडी लांबलीय. आई रोज विचारते, विकी दसऱ्याला येतोय का. काय सांगू?

दादा


१४ सप्टेंबर, रविवार

विकी,

मी कानात घालून बघितलं. खरं सांगायचं तर मागच्या पत्राच्या आधीच बघितलं होतं.

कारखान्यात पंधरा वर्षं मोटरी दुरुस्त करतोय. कुठला आवाज यंत्राचा आणि कुठला यंत्राबाहेरचा हे मला कळतं. हा आवाज हुकातून येतोय, हुक बीममध्ये आहे. हॉलमध्ये उभं राहिलं तर काहीही ऐकू येत नाही. कानात घातलं की येतो. आई मोजते. हल्ली वंदना झाली की बाहेर येऊन मला बोटं दाखवते. आज सात.

रेघेत आता पोस्टकार्डाची कड जाते. गेल्या आठवड्यात दुपारी विहारात कुणी नसताना मी शिडी लावून त्यात पुट्टी भरली आणि वरून चुना मारला. चार दिवसांत पुट्टीला तडा गेला.

एक दिवस ये. फक्त बघून जा. आल्यासारखं आईलाही भेट. मी घरी नसेन पाहिजे तर, दुसरी पाळी लावून घेतो.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. स्लॅब दोन एप्रिलला पडला आणि तू मला बजावलं होतंस की एकवीस दिवस एकाही टेकूला हात लावायचा नाही. पण चौदाला जयंती होती. तात्यांनी पत्रिका छापून वाटल्या होत्या, हॉल मोकळा पाहिजे म्हणून रोज माझ्या डोक्यावर बसत होते, आणि तू बारामतीला दुसऱ्या कामात अडकलेला. त्या गडबडीत टेकू अकराव्या दिवशी निघाले. झालं ते झालं. मे महिन्यात पहिली भेग दिसल्यावर बैठक झाली, लोक तापले होते, कुणी काय बोललं याला आता अर्थ नाही. आपण भाऊ आहोत.

आईनं तुझ्यासाठी कुरडया वेगळ्या काढून ठेवल्यात.

दादा


२८ सप्टेंबर, रविवार

विकी,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं पत्र असेल. उघडलं तर माझंच पत्र परत! त्यातल्या "निघाले" या शब्दाभोवती लाल पेनानं गोल, आणि शेजारी दोनच शब्द, "कुणी काढले?"

मास्तर झालास तू. भर पाळीत, सगळ्यांसमोर ते पाकीट फोडलं होतं मी. संताप संताप झाला. मग पान उलटलं. मागं तू स्लॅबचा नकाशा काढलायस, टेकूंच्या चौदा खुणा, प्रत्येकीला नंबर. खाली लिहिलंयस, "आधी टेकू, मग वजन उतरवा. मधल्या बीमपासून सुरू करा. तोवर आत कुणालाही बसू देऊ नको. आईला तर नाहीच."

तो कागद घेऊन मी लगेच तात्यांकडं गेलो. म्हणालो, दसऱ्याचा कार्यक्रम बाहेर मांडवात घेऊ. ते म्हणाले, "आता? गुरुवारवर आलाय दसरा. चारशे मानूस येनार, पार फलटनपासून पाव्हनं हायेत, आन् पावसात मांडवात बसवू? कारन काय सांगू त्यास्नी?"

मी म्हणालो, स्लॅब कच्चा असेल कदाचित.

"कशानं कच्चा? तुज्या भावानं टेकू पळवले म्हनून?"

विकी, मी त्यावर काय बोललो ते मला आठवत नाही. चहा पिऊन परत आलो.

मग आईला घरी थांबवायला बघितलं. कानाशी तोंड नेऊन ओरडलो की गुरुवारी गर्दी असेल, तू जाऊ नको. ती म्हणाली, "इतकी वर्सं नुसती व्हट हलवत बसले मी. आता सगळ्यांसंगं म्हनायला मिळतंय, आन् तू घरी बस म्हनतोस?" पहिली ओळ बरोबर मधल्या बीमखाली येते. मीच ती जागा ठरवली होती, भन्त्यांच्या समोर राहावं म्हणून.

काल ती बोटं दाखवायची थांबली. दोन्ही हातांची संपली म्हणाली.

मला भीती वाटते, विकी. ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुला सांगायचं तर आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागतं.

दादा


३ ऑक्टोबर, शुक्रवार

विकी,

काल काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

सकाळी दहाला हॉल गच्च भरला होता. दारातसुद्धा माणसं. पहाटेपासून पाऊस. मी मागं डबीपाशी, माझ्याही कानात एक कानातलं. त्रिसरण-पंचशील झालं. अकराजणं अर्ध्या ओळीनं मागून, मोठ्यानं. मग भन्त्यांनी डोळे मिटायला सांगितले.

मिनिटभर काही नव्हतं. मग आवाज आला, पण हा कट् नव्हता. लांबलचक होता, ऊस गुडघ्यावर मोडताना होतो तसा, आणि थांबेचना. पहिल्या ओळीतल्या अकरांनी एकदम माना वर केल्या. बाकी चारशे माणसं डोळे मिटून बसलेली. त्यांच्यातल्या एकालाही काही ऐकू आलं नव्हतं.

मी उठून ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो नाही. विचार केला तो असा, तुला सगळं सांगतो: डबीला एक बटण आहे, ते दाबून बोललं की फक्त त्या अकरांच्या कानात जातं. म्हातारी माणसं हळूच उठली की कार्यक्रम मोडेल, बाकीचेही उठतील, आणि का उठलात हे मला कुणी विचारणार नाही. मी बटण दाबलं आणि हलक्या आवाजात म्हणालो, "उठा. हळूच भाईर चला."

अकराजणांनी हात जोडले आणि म्हटलं, "उठा. हळूच भाईर चला."

बसूनच. त्यांना वाटलं, मागून म्हणायचंय. यंत्रातून आलेलं सगळं ते आजवर मागूनच म्हणत आलेत, विकी. दुसरं काही त्यातून कधी आलंच नव्हतं. मी म्हणालो, "म्हनू नका, उठा!"

"म्हनू नका, उठा."

हॉलमध्ये हशा पिकला. भन्त्यांनी डोळे उघडले. वरून पुन्हा तो आवाज आला आणि आईच्या पांढऱ्या पदरावर चिमूटभर भुकटी पडली. मी म्हणालो, "स्लॅब खचतोय."

अकरा माणसं हात जोडून, संथ, एका सुरात म्हणाली, "स्लॅब खचतोय."

हसणं थांबलं. मागची माणसं उभी राहिली. तात्या पुढं येऊन हात नाचवत ओरडले, "बसा, बसा! काय न्हाय हुत! त्या विक्यानं टेकू काढून नेले, तवापास्नं ह्यो एकच घोर लागलाय सगळ्यांस्नी!" लोक परत बसायला लागले, विकी. खरंच बसायला लागले. माझा अंगठा अजून बटणावरच होता. मी म्हणालो, "टेकू विकीनं न्हाय काढले. मी काढले."

ते त्यांनी म्हटलं. कुशाबाईनं म्हटलं, चंद्राबाईनं म्हटलं. आईचा आवाज सगळ्यांच्या वर. "टेकू विकीनं न्हाय काढले. मी काढले."

मग मात्र कुणी बसलं नाही. भन्ते म्हाताऱ्यांना हाताला धरून उठवत होते. चारशे माणूस दोन दारांतून बाहेर पडायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. कुणाला काही लागलं नाही.

आई बसून राहिली. एकटी, हात जोडलेले, मधल्या बीमखाली. तिच्या ओठांना आता कळत होतं की ते काय बोलून गेले. मी जवळ जायचं सोडून डबी छातीशी धरून उभा. तिनं तिथूनच विचारलं, "ह्ये गाथंतलं न्हाय?"

मी बटण दाबून म्हणालो, "न्हाय."

"खरं हाय?"

"खरं हाय."

हे ती माझ्या मागून म्हणाली नाही. उठली, कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि पावसात एकटी घरी गेली.

दादा


५ ऑक्टोबर, रविवार

विकी,

स्लॅब पडला नाही. हीच सगळी पंचाईत झालीय.

पडला असता तर लोकांनी मला दगड मारले असते आणि जागा सोडली असती. नाही पडला, तर तात्या वस्तीभर सांगत सुटलेत की आम्ही दोघा भावांनी ठरवून केलं, तुझं नाव धुवायला. "काय पडलं? चिमूटभर चुना पडला." मंगळवारी पौर्णिमा आहे, वर्षावासाची सांगता, भन्त्यांना चीवरदान. ते आतच होणार. मी विहाराला कुलूप लावलं होतं, काल त्यांच्या माणसांनी ते तोडलं. भन्ते बाहेर बसायला तयार आहेत, पण म्हणतात, मी एकटा बाहेर बसलो तरी लोक आत बसतील. एका इंजिनिअरकडं जाऊन आलो, त्यांना सणाच्या सुट्टीनंतर वेळ आहे. अर्धी वस्ती माझ्यावर विश्वास ठेवते आणि उरलेली अर्धी म्हणते, जो माणूस चार महिने खोटं बोलला तो आता खरं कशावरून बोलतोय.

म्हणून उद्या सकाळी नऊला मी टेकू लावायला आत जातोय. इंदापूरहून चौदा टेकू आणून दारात उतरवून ठेवलेत. तुझा कागद खिशात आहे. मधल्या बीमपासून सुरू करणार, तू लिहिलंयस तसं. तेरा एप्रिलला टेकू काढायला कारखान्यातले जे दोघं माझ्याबरोबर होते ते उद्याही येतो म्हणत होते. मी नको म्हणालो. तेव्हा त्यांना काढा म्हणून सांगणारा मी होतो.

तू लिहून दे म्हणाला होतास. सहा पत्रं झाली, तेवढं सोडून सगळं लिहिलं. आता घे. तेरा एप्रिलला दुपारी, एकवीस दिवस व्हायच्या आत, विहाराच्या स्लॅबचे सगळे टेकू मी, बुद्धघोष, सचिव या नात्यानं काढायला लावले. विकीला ते माहीत नव्हतं. मे महिन्याच्या बैठकीत विकी मला म्हणाला, "दादा, तू सांग." तेव्हा मी खाली बघून म्हणालो की टेकू विकीनंच दुसऱ्या साइटवर नेले. ते खोटं होतं. हेच सगळं मी कमिटीच्या वहीत लिहिलंय, खाली सही केलीय.

बैठकीनंतर तू दारात थांबला होतास. मी बाहेर येईन म्हणून. मी मागच्या दारानं गेलो. मला माफ कर.

तीन दिवस आई माझ्याशी बोलली नव्हती. आज जेवताना अंजलीनं तिला टेकूंचं सांगितलं. ती उठून आली, माझ्यासमोर हात पसरला, कानातलं मागून घेतलं. म्हणाली, "मी दारात बसते. वाजलं की वरडते. तू डबी चालू ठेव." मी म्हणालो, लांब बस. तर म्हणाली, "लांब बसले तर मला ऐकू येत न्हाय."

हे पत्र अंजलीकडं देतोय. तिला सांगितलंय, उद्या संध्याकाळपर्यंत टपालपेटीत टाकू नको. बाहेर आलो तर मी स्वतः फाडून टाकीन, आणि मिस्त्रीच्या फोनवरून तुला तोंडानं सांगीन. नाही फाडलं तर ती टाकेल.

तसं झालं तर एवढंच कर. घरी ये. आईच्या कानातल्याला शर्टाच्या बटणाएवढे दोन सेल लागतात, दर आठवड्याला बदलावे लागतात. सेल संपले तरी ती मागत नाही, तशीच हात जोडून बसून राहते. तेवढं बघत जा.

तुझा दादा